डोळे झाका अन् घरात जावा

लोडअण्णांच्या दुकानात इन्व्हर्टर घ्यायला गेलेल्या माणसाला आधी डोळे झाकावे लागत. परंड्यात बसस्थानकाकडून बाजारात जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं एका शटरचं दुकान होतं. आत एक लाकडी बाकडं, भिंतीकडेला मांडलेल्या बॅटऱ्या आणि शाळेत असते तशी खडूची पाटी. गिऱ्हाईक येऊन म्हणालं, "अण्णा, एक इन्व्हर्टर द्या," की अण्णा त्याच्याकडं न बघता पाटी पुसायला घेत. "बसा. डोळे झाका. आता घरात जावा. गेलाव का? चपला काढल्या का?"

गिऱ्हाईक हसायचं. अण्णा हसत नसत. "काढल्या" असं तो म्हणेपर्यंत ते पुढं सरकत नसत. मग, "दारातनं आत. डाव्या हाताला काय हाय? बटण दाबलं, काय लागलं?" असं करत ते माणसाला त्याच्याच घरातून हिंडवून आणत आणि तो सांगेल ते पाटीवर वॅटमध्ये लिहीत. बल्ब नऊ. पंखा पंचाहत्तर. एकदा एक म्हातारे बाबा डोळे झाकून बराच वेळ गप्प बसले. अण्णांनी विचारलं, "काय दिसायलंय, बाबा?" बाबा म्हणाले, "म्हातारी बसलीय दारात. एवढा येळ कुठं हुतास म्हणून इचारायली." अण्णा शांतपणे म्हणाले, "सांगा तिला, अण्णाकडं हुतो म्हणून. पण तिचा लोड म्या धरत न्हाय, ती तुमची तुमी बघा."

हे सगळं कशासाठी, असं मी त्यांना पुढं कधीतरी विचारलं. ते म्हणाले, "डोळे उघडे ठिवून माणूस हौसंचं सांगतंय. झाकले की घरात हाय तेवढंच दिसतंय."

त्यांचं खरं नाव फार थोड्यांना माहीत होतं. एसटीच्या डेपोत गाड्यांच्या बॅटऱ्या आणि वायरिंग बघण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्तीनंतर त्यांनी हे दुकान टाकलं. ज्या वस्त्यांवर लाईन पोचलेली नाही, तिथं सोलर, बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवून देणं हा त्यांचा धंदा. "लोड किती?" हा प्रश्न तोंडात इतका बसला होता की लग्नाच्या मांडवात आचाऱ्यालाही ते "पंगतीला लोड किती?" असं विचारत. लोकांनी मग तेच नाव ठेवलं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. कुणाबद्दल काही लिहायचं म्हटलं की हात अडखळतो. अण्णांबद्दल लिहिताना तर जास्तच, कारण मला जे काही नीट येतं त्याची सुरुवात त्यांच्या पाटीपाशी आहे. तरी जमेल तसं लिहिते.

आमची वस्ती सोनारीच्या पुढं माळावर आहे. लाईनचे खांब ओढ्याच्या अलीकडं येऊन थांबले होते. दरवर्षी आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, दिवाळीनंतर ऊसतोडीला जात आणि पार उन्हाळा लागताना परत येत. ते गेले की शेळ्या आणि घर माझ्याकडं, त्यामुळं माझी शाळा दरवर्षी निम्मीच व्हायची. मी अकरावीत गेले त्या वर्षी आईनं ठरवलं की यंदा जायचं नाही. तिला कोंबड्यांतलं फार कळतं. गावरान पिल्लांना बाजारात मागणी असते हे ती बघत होती. तिनं शंभर अंडी बसतील असं उबवायचं मशीन आणलं.

दादांना ते पटलेलं नव्हतं. "कोंबडीचं काम डबडं करणार व्हय?" ते म्हणाले.

आई म्हणाली, "मंग तुमी करता का? बसा की अंड्यावर एकवीस दिस."

ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम येऊन गेला होता. "कोजागरीला परत येतो," तो म्हणाला होता, "तवा नाव लिवायचं का न्हाय ते पक्कं सांगा." म्हणजे सगळं उघड होतं. कोजागरीच्या आत मशीनमधून पिल्लं बाहेर आली तर घर वस्तीवर राहणार होतं. नाहीतर कोयते निघणार होते, आणि माझं कॉलेजही परत निम्मं होणार होतं.

आम्ही तिघं अण्णांच्या दुकानात गेलो तेव्हा दादांनी आल्या आल्या इन्व्हर्टरच्या सगळ्यात मोठ्या डब्याकडं बोट दाखवलं. "ह्यो द्या." अण्णांनी पाटी पुसली. दादांनी डोळे झाकले, चपला काढल्या आणि म्हणाले, "दारातच कडबा कुट्टी हाय."

"हाय?"

"घिणार हाव."

"मंग घेतल्यावर या," अण्णा म्हणाले. "जी वस्तू घरात न्हाय तिच्यासाठी मोठा डबा घेतला, तर त्यो रिकामा बसून सुदीक बॅटरी खात ऱ्हातोय. अन् कुट्टीची मोटर ह्या बॅटरीवर चालायची न्हाय, ते डोक्यातनं काढा. म्हातारं माणूस बसल्या जागचं उठताना खांबाला कसं धरतंय बघितलंय का? एकदा उठलं की गपगुमान चालतंय. मोटरचं तसंच. चालताना किती खाती ते सोडा, उठताना किती वडती ते इचारायचं."

मग आईची पाळी आली. आईनं डोळे झाकले आणि काही न विचारता सांगत सुटली. मशीन तिनं आधी तिच्या भावाच्या घरी, गावात लाईन आहे तिथं, चार दिवस चालवून पाहिलं होतं. हिटर किती वेळ लागतो, किती वेळ विझतो, दिवसा किती, पहाटे गारठ्यात किती, हे तिनं घड्याळ लावून ध्यानात ठेवलं होतं. अण्णा लिहीत होते. तिचं संपल्यावर त्यांनी खडू खाली ठेवला. "डेपोतल्या सायबानं बी मला असा हिशोब कधी दिला न्हाय," ते दादांना म्हणाले. "तुमी गप बसा आता. ह्या बाईनं सांगितलंय त्यावरच डबा ठरतोय."

डबा मधला ठरला. पण त्यातही दोन जाती होत्या, एक स्वस्त आणि एक महाग. दादांनी विचारलं, फरक काय. अण्णांनी टेबलफॅन आधी स्वस्तातल्या डब्याला लावला आणि आम्हाला सांगितलं, "बघू नका. ऐका." पंखा फिरत होता, पण आतून कुरकुर येत होती, दात खाल्ल्यासारखी. मग दुसऱ्या डब्याला लावला. नुसता वारा. "यष्टी येडशीचा घाट कशी उतरती?" अण्णा म्हणाले, "वळण घेत, दमानं. खांबावरची लाईन तशीच येती, वर चढती, खाली उतरती. ह्यो महागातला डबा तशीच देतोय. अन् त्यो? त्यो यष्टी पायऱ्यावरनं खाली आणतोय. बल्बला काय फरक पडत न्हाय. पण तुमच्या मशीनमदी पंखा हाय, अंडी फिरवायची मोटर हाय. एकवीस दिस पायऱ्यावरनं न्यायचं म्हणल्यावर एखादं चाक निखळणारच की."

पुढं कॉलेजच्या लॅबमध्ये सरांनी पडद्यावर साइन वेव्ह दाखवली तेव्हा सगळ्यांनी ती वहीत काढून घेतली. मला मात्र येडशीच्या घाटातली रामलिंगाची झाडी दिसली आणि तिच्यातून उतरणारी लाल गाडी. सरांनी विचारलं, चौकोनी वेव्हवर मोटर का तापते. मी हात वर केला, पण घाटाचं सांगायचा धीर झाला नाही. पुस्तकातलं उत्तर दिलं.

छपरावर सोलर आणि आत डबा बसवायला अण्णा स्वतः आले. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची वायर त्यांनी अंगठ्याएवढी जाड आणि जेमतेम हातभर लांब आणली होती. "जाड अन् आखूड," ते म्हणाले, "लांबवली की वाटंतच सांडतंय." बॅटरीजवळ फ्यूज लावला. डबा खिडकीशी मांडला आणि त्याच्या जाळीवर कधी काही ठेवायचं नाही, त्याला वारा लागतो, असं सांगितलं. मग मशीन सुरू करून अर्धा तास नुसते बसले, आणि उठून प्रत्येक जोडावर हाताची मागची बाजू टेकवली. ताप आलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तशी. "तू बी लाव," मला म्हणाले. "तळव्याला कळत न्हाय, त्यो कामानं मरतोय. मागल्या बाजूला खरं कळतंय."

बॅटरीबद्दल त्यांचं एकच म्हणणं होतं. "ही रांजण हाय. तळ दिसंस्तोवर उपसायची न्हाय. निम्म्यावर आली की झाकण ठिवायचं, मंग सूर्य भरू दे." आमच्या माळावर पाण्याचं एवढं कौतुक की हे दादांनाही लगेच पटलं. ते रोज सकाळी बॅटरीचा काटा बघू लागले. अंडी मशीनमध्ये ठेवल्यावर दहाव्या दिवशी आईनं ती उजेडावर धरून दाखवली, आत लाल शिरा दिसत होत्या. त्या दिवसापासून दादा मशीनच्या खोलीत जाताना आवाज न करता जाऊ लागले.

अण्णांनी आम्हाला सगळं सांगितलं होतं. एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती त्यांच्याही ध्यानात आली नाही. डेपोत खंडेनवमीला गाडीच्या बंपरवर नारळ फुटताना त्यांनी आयुष्यभर बघितले होते. बंपरला काही होत नसतं.

खंडेनवमीला अंड्यांचा सतरावा दिवस होता. दादांनी पहाटेच कोयते धुतले. दरवर्षी ते पाटावर मांडतात, हळद-कुंकू लावतात, झेंडूची फुलं वाहतात. त्या वर्षी त्यांनी कोयते उचलून खिडकीपाशी आणले आणि इन्व्हर्टरच्या शेजारी मांडले. डब्याला ओलं कुंकू लावलं, बॅटरीला हार घातला. मी शेळ्यांना पाला टाकत होते. त्यांनी डब्यापुढं हात जोडले, नारळ उचलला आणि कोयत्याच्या पाठीनं डब्याच्या वरच फोडला. पाणी सरळ जाळीतून आत गेलं. टिक असा आवाज आला आणि मशीनमधला पंखा थांबला.

सतरा दिवस तो आवाज घरात होता. थांबल्यावरच कळलं की तो होता. आई बाहेरून धावत आली. दादा नारळाच्या दोन भकलांसकट तसेच उभे होते.

मी अण्णांना फोन लावला. सण असल्यानं ते घरी होते. मी रडत काय झालं ते सांगितलं. ते पहिलं वाक्य काय बोलले ते मला नेहमी आठवतं. "त्या माणसावर कुणी वरडू नका. त्यानं पूजाच केलीय." मग म्हणाले, "हे बघ, म्या डोळे झाकलेत. तू मला घरात घिऊन चल. दारात हाईस का? चपला काढल्यास?"

"काढल्यात."

"घाल. आज घालूनच आत जा. वल्ल्यात उभं ऱ्हाऊ नको. हात कोरडे हायत का? पूस."

मी चपला घातल्या, हात पुसले, फोन स्पीकरवर ठेवला.

"आता डब्याला लगीच शिवायचं न्हाय. आधी मशीनची पिन काढ. काढलीस? डब्याचं बटण बंद. मंग सोलरची वायर सोडव. मंग बॅटरीची काळी. काळीच, लाल न्हाय. सांगत चल मला."

मी एकेक करत सांगत गेले. पाना दोनदा हातातून निसटला. "दमानं," ते म्हणायचे, "यष्टी सुटत न्हाय." सगळं सुटल्यावर त्यांनी विचारलं, "नाक जवळ ने. वास कसला यायलाय?"

"खोबऱ्याचा."

"जळाल्याचा न्हाय?"

"नाही. नुसता खोबऱ्याचाच."

"मंग जीव हाय त्यात," अण्णा म्हणाले. "डबा उघडू नको. आईला दे फोन."

त्यांनी आईला विचारलं, अंडी किती वेळ दम धरतील. आतापर्यंत सांगणारे ते होते, आता सांगणारी आई होती. तिचा आवाज एकदम स्थिर झाला. "कोंबडी सुदीक दाणा टिपाय उठतीच की, अण्णा. आता आत पिल्लाचीच ऊब हाय. झाकण उघडलं न्हाय तर दुपारपतूर धरतेत. त्याच्या म्होरं मला सांगता यायचं न्हाय."

"म्या दुपारच्या आत येतो," ते म्हणाले.

आईनं मशीनवर दोन गोधड्या टाकल्या, वारा जायला फट ठेवली आणि गरम पाण्याच्या बाटल्या कडेनं लावल्या. दादा दर थोड्या वेळानं येऊन गोधडीला हात लावत होते. चौथ्यांदा आले तेव्हा आई म्हणाली, "तुमी बाहीर बसा. कशाला हात लावू नगा आज." ते खरंच बाहेर जाऊन रस्त्याकडं तोंड करून बसले.

बारा वाजायच्या आत ओढ्यापाशी जीप थांबली आणि अण्णा उतरले. मांडीवर धरून आणलेला डबा आता त्यांच्या खांद्यावर होता. दादा पळत गेले आणि तो त्यांनी आपल्या खांद्यावर घेतला. तो अण्णांच्या घरचा स्वतःचा इन्व्हर्टर होता. आई संकोचली. "घरी अडचण व्हईल की तुमच्या."

"माझ्या घरी लाईन हाय," अण्णा म्हणाले. "त्यो तिथं नुसता शोभंला हुता. हितं त्याला काम हाय."

त्यांनी बॅटरीवरचं कुंकू कोरड्या फडक्यानं पुसलं, जोड घट्ट केले आणि मशीन लावलं. पंखा फिरला. अण्णांनी मला मान हलवून खूण केली आणि मी हाताची मागची बाजू प्रत्येक जोडावर टेकवली. जाताना ते दादांपाशी थांबले. "नारळ फोडायचाच. पण म्होरल्या साली दगडावर फोडा, अन् डब्याला नुसतं खोबरं दावा. त्यो समजून घितोय."

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी मशीनमधून पहिली टोच ऐकू आली. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या टोपलीत पिल्लं इतकी झाली की आई मोजायची राहिली. काही अंडी निघाली नाहीत. ती नारळामुळं निघाली नाहीत की तशीही निघाली नसती, हे आई कधी बोलली नाही. कोजागरीला मुकादम आला तेव्हा दादा दारात बसले होते. आतून चिवचिवाट येत होता. मुकादमानं वहीवर पेन टेकवलं. दादा म्हणाले, "यंदा न्हाय." एवढंच. मुकादम थोडा वेळ आतला आवाज ऐकत थांबला आणि पुढच्या वस्तीवर गेला. त्या वर्षी मी अकरावी पूर्ण केली, सलग, सगळ्या तासांना बसून.

भिजलेला डबा अण्णांनी आठ दिवस उन्हात ठेवला आणि मग मला दुकानात बोलावून घेतलं. "तूच उघड," म्हणाले. मी ब्रशनं आतली सर्किटची पाटी पुसली, खोबऱ्याचे कण चिमट्यानं काढले. तो चालू झाला. हा वस्तीवर नेते आणि तुमचा परत आणून देते असं मी म्हणाले, तर अण्णा म्हणाले, "त्यो माझा तिकडं रुळलाय, ऱ्हाऊ दे. ह्यो म्या घरी नेतो." पुढं कितीतरी दिवस ते लोकांना सांगायचे की त्यांच्या घरी लाईट गेली की घरभर खोबऱ्याचा वास सुटतो.

बारावीनंतर मला इलेक्ट्रिकलला प्रवेश मिळाला. पेढे द्यायला दुकानात गेले तेव्हा पाटीवर आकडे एकावर एक लिहिलेले होते. पंख्याचे पंचाहत्तर बल्बच्या नऊवर चढले होते. मला ते विचित्र वाटलं, पण विचारलं नाही. विचारायला हवं होतं. तो काचबिंदू होता आणि उशीर झालेला होता. वर्षभरात मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. जाताना त्यांनी पाटी मला दिली. ती आता हॉस्टेलच्या खोलीत आहे. मैत्रिणी तिच्यावर मेसमध्ये कुठली भाजी आहे ते लिहितात. मी पुसत नाही, फक्त कोपऱ्यात थोडी जागा माझ्यासाठी ठेवली आहे.

आता आमच्या आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं मला फोन करतात. सुट्टीत घरी असले की जातेही. "इन्व्हर्टर घ्यायचाय, कुठला घेऊ?" असं विचारतात. सुरुवातीला मला डोळे झाका म्हणायची लाज वाटायची. आता वाटत नाही. माणूस डोळे झाकतो, आपल्या घरात जातो, आणि मी वहीत लिहीत जाते. मोटर उठताना किती ओढते, ते विचारते. रांजणाचं सांगते. कोणताही डबा बसवला की निघताना एक गोष्ट जास्तीची सांगते, दगड आणि नारळाची. लोक हसतात. मी हसत नाही.

या खंडेनवमीला मी वस्तीवर होते. दादांनी कोयते मांडले होते, शेजारी डबा होता. आता कोयते वर्षातून एवढ्याच दिवशी खाली निघतात. डब्याला कोरडं कुंकू बोटानं लावून झालं. नारळ अंगणातल्या दगडावर फुटला, आणि तेवढ्यात अण्णांचा फोन आला. दरवर्षी येतो.

"नारळ कुठं फुटला?"

"दगडावर."

दादा मागून ओरडले, "सांग त्यांना, पाणी ओढ्याकडं उडालं, डब्याकडं न्हाय."

अण्णा हसले. मी विचारलं, करमतं का तिकडं. "हितं लाईट जातच न्हाय, पोरी," ते म्हणाले. "बाराव्या मजल्यावर हाव. कुणी काय इचारतच न्हाय." मग म्हणाले, "पण दुपारचं बरं जातंय. म्या घरं हिंडतो. लोकांनी डोळे झाकून दावल्याली सगळी घरं हायत माझ्याजवळ. कुणाच्या डाव्या हाताला काय, कुणाचा पंखा कुठं. एक बी इसरलो न्हाय. त्या म्हाताऱ्याची म्हातारी सुदीक बसलीय अजून दारात. आता तर डोळे झाकायची बी गरज न्हाय."

मग त्यांनीच विषय बदलला, "तुमच्याकडं लई दिस झाले आलो न्हाय. आईनं दुसरं मशीन घेतलंय म्हणं. उठताना किती वडतंय ते? घिऊन चल मला."

मी फोन घेऊन अंगणात गेले आणि दाराकडं तोंड करून उभी राहिले. "चला अण्णा," म्हटलं, "दारात आलोय आपण. आत गेलं की डाव्या हाताला..."

"थांब," अण्णा म्हणाले. "चपला काढू दे."